गाडीची पडवी

हा तिला ऑनिंग म्हणतो,
खोक्यावरच्या अक्षरांना जागून.
मी पहिल्या दिवसापासून पडवीच म्हणते.
गाडीच्या कुशीतून ओढून काढायची,
दोन पायांवर उभी करायची,
खाली स्टूल, स्टोव्ह, चहा.
फंडाच्या पैशातून
एवढंच तर हवं होतं आम्हाला.

घणसोलीत, खाडीकडच्या मोकळ्या प्लॉटवर
आज रंगीत तालीम. गुहागर पुढच्या महिन्यात.
मकरंदच्या मानेला पट्टा, म्हणून तो खुर्चीत,
आणि सूचना चौफेर:
"आधी डावा पाय. डावा म्हणजे माझा डावा.
कापड ताठ नको. ढिलंही नको."
एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढली मी,
व्हॉल्व्ह किती आवळायचा ते हाताला कळतं.
हाताला विचारायची पद्धत
आमच्या घरात नाही.

खुंट्या आठ. हातोडी रबरी, आवाज खोटा.
पहिली खुंटी अशी आत गेली
जणू खाली कुणी तिची वाटच पाहत होतं.
दुसरीही. पाचवीला मी म्हटलं, जमलं की.

मग साडेतीनचा वारा आला.
आधी कापडाला खालून हात लावून पाहिला,
बाजारात कलिंगड उचलून बघतात तसा,
आणि मग अख्खी पडवी डोक्यावर घेतली.
खुंट्या दुधाच्या दातांसारख्या निघाल्या.
एक पाय हवेत, थर्मास आडवा,
गाडीच्या स्प्रिंगा कण्हतायत,
मी दोरीला लोंबकळते आहे, वय एकोणसाठ.
"सोड!" हा ओरडतो.
"धर!" हाही हाच ओरडतो.

खाजणातून बादली घेऊन एक बाई वर आली.
बादलीत चिंबोऱ्या, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल.
क्षणभर बघत राहिली.
"आगो बाय, यो त शीर हाय.
शीर बांधतांव तशी बांध."
मला समजायला वेळ लागला. शीर म्हणजे शीड.
तिने एक खुंटी उचलली, बोटाने पुसली, टाकून दिली.
"वर मुरूम, खाली चिखोल. खुटी कनाला धरंल?
हितं आमचा मिठागर होता."

नाव नंतर कळलं, सोमीबाई.
कोलमच्या चार रिकाम्या गोण्या होत्या गाडीत,
त्या मुरमाने भरायला लावल्या,
हातभर खोल खड्ड्यांत आडव्या निजवल्या,
दोर त्यांच्या कमरेला, आणि वर येताना तिरका,
गाडीपासून लांब पळणारा.
खाडीकडचा पाय वीतभर खाली घेतला.
मकरंद म्हणाला, "लेव्हल बिघडेल."
ती त्याच्या पट्ट्याकडे बघून म्हणाली,
"तुजी बिगरली ती बघ आधी."

वारा परत आला. कापड फुगलं,
दोर एकदा गुणगुणले,
आणि वारा तिरक्या कडेवरून
निघून गेला, खांदा पाडून.
चहा उकळला. ती पडवीखाली नाही बसली,
उन्हातच बसली बादलीशेजारी,
बशीच्या काठाने दाखवत राहिली:
तिथे फड, तिथे मिठाची रास,
तुमची खुर्ची आहे तिथे माझी सासू
मीठ ओढता ओढता बाळंत झाली.
मकरंदने खुर्ची थोडी सरकवली.
वहीत त्याने लिहिलं: गोण्या ४. दोर तिरका.
बाकीचं नाही लिहिलं.

साडेसहाला पडवी गुंडाळली.
गोण्या काही निघेनात.
फावडं खुपसलं, दोघांनी ओढलं, (पट्टा असूनही),
चिखलाने त्या आपल्या म्हणून ठेवल्या होत्या.
शेवटी दोर कापले.
चार टोकं जमिनीतून वर राहिली,
जणू हा प्लॉटच कुणी
उडू नये म्हणून बांधून ठेवलाय.

टोल ओलांडेपर्यंत हा गप्प.
मग म्हणाला, "गुहागरला जमीन कशी असेल?"
मी म्हटलं,
तिथल्या कुणाला तरी विचारू.